इंग्रजी सातवी, अमेरिकन बारावी

वेंगुर्ल्यात जन्मलेल्या दोघांच्या आयुष्यात 1957 हे साल मोठे ठरले. बॅरिस्टर नाथ पै त्या वर्षी राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचे नाव कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. दुसऱ्याचे नाव वेंगुर्ल्याच्या बाजारात घेतले, तर मात्र लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन. जन्म 15 ऑगस्ट 1919, वेंगुर्ले. नाथ पैंपेक्षा तीन वर्षांनी मोठे. 1957 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अध्यक्षपदाची सूत्रे घेतली आणि 1972 पर्यंत ती सांभाळली.

गोहीन यांचे आईवडील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. या मिशनचे मूळ ठाणे घाटावर, कोल्हापुरात. तिथे रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये काम सुरू केले आणि पुढच्या काळात ते खाली किनाऱ्यापर्यंत उतरले. गोहीन यांचे वडील डॉक्टर होते. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक हॉस्पिटल त्यांच्याच कारकिर्दीत नावारूपाला आले. अशा घरातला मुलगा पुढे अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एकाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्या जन्मगावाचे नाव तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून आले. इकडे मात्र ती बातमी फारशी पोचली नाही.

या किनाऱ्याने विद्यापीठाला प्रमुख देण्याची ती पहिली वेळ नव्हती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म 1837 मध्ये मालवणचा. 1893 ते 1895 या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्याआधी या पदावर बसलेले एकच भारतीय, काशिनाथ त्र्यंबक तेलंग. भांडारकर संस्कृतचे पंडित, तर गोहीन ग्रीक आणि लॅटिनचे. दोघांच्या जन्मगावांत फार अंतर नाही. पण शाळेतून विद्यापीठात जाण्याच्या त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या होत्या, आणि हायस्कूल संपताना मुलाची पारख कोणी करायची, या एका प्रश्नावर त्या फुटल्या होत्या.

भांडारकरांच्या वाटेपासून सुरुवात करू. मालवण आणि वेंगुर्ले ही दोन्ही बंदरे 1812 मध्ये इंग्रजांकडे गेली. रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग असा कंपनीच्या अमलाखाली आला, मधली सावंतवाडी संस्थान म्हणून राहिली. सरकारी कचेऱ्या आल्या तशा कारकुनांच्या जागा आल्या. भांडारकरांचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. 1847 मध्ये त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाचे नशीब तिथेच फिरले, कारण रत्नागिरीत सरकारी इंग्रजी शाळा होती, मालवणात नव्हती. बदली झाली नसती, तर रामकृष्ण मराठी शाळा संपवून वडिलांच्याच कचेरीत चिकटले असते, अशी शक्यता बरीच.

रत्नागिरीतले शिक्षण संपवून 1853 मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. तिथे त्या वेळी गणित शिकवायला दादाभाई नौरोजी होते. विद्यापीठ अजून जन्मालाच यायचे होते. 1854 च्या वुड यांच्या खलित्याने त्याची शिफारस केली आणि 18 जुलै 1857 रोजी, उत्तरेत बंड पेटलेले असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. लंडन विद्यापीठ तेव्हा शिकवत नसे, परीक्षा घेत असे. मुंबईनेही तेच घेतले: शिकवायचे कॉलेजांनी, पेपर काढायचे, तपासायचे आणि पदव्या द्यायच्या विद्यापीठाने.

1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही त्या पहिल्या तुकडीतली नावे. भांडारकरांचे वय तेव्हा पंचवीस. पुढच्याच वर्षी ते एम.ए. झाले. गंमत अशी, की एल्फिन्स्टनमध्ये त्यांचा भर गणितावर होता. संस्कृतकडे ते नंतर वळले, शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांनी आग्रह धरल्यावर. काही वर्षांनी ते रत्नागिरी हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून परतले. इंग्रजी शाळांतल्या मुलांसाठी त्यांनी लिहिलेली संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तके पुढे पिढ्यान्पिढ्या वापरात राहिली. जर्मनीतल्या ग्योटिंगन विद्यापीठाने 1885 मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली.

मॅट्रिक या परीक्षेबद्दल एक गोष्ट आता सहज विसरली जाते. ती शाळेची परीक्षा नव्हती. ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. हायस्कूलने मुलाला सात वर्षे शिकवले, तरी तो शिकला की नाही हे ठरवण्याचा अधिकार हायस्कूलला नव्हता. विद्यापीठाचे परीक्षक त्याला मुंबईहून तोलत. चार इयत्ता मराठी, मग इंग्रजी पहिली ते सातवी, आणि सातवीच्या शेवटी मॅट्रिक. त्यापुढे प्रीव्हियस, इंटर, बी.ए., आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा विद्यापीठाचीच परीक्षा. एका विषयात गचकला, की सगळीच परीक्षा पुन्हा. शेजारून दुसरी एक वाट जात होती: मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. ती उतरलेल्याला प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होता येई. गावातल्या हुशार पण गरीब मुलांची गाडी बहुधा या वाटेने वळे.

परीक्षेला बसणे हेच किती अवघड होते, ते दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या आत्मचरित्रात सापडते. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा आणि त्याचे सोबती पावसाळ्यात सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले. अंतर शंभर मैलांहून जास्त. पायपीट करून ते पोचले, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी धोंडोपंतांना बसू दिले नाही. परीक्षेला किमान वयाची अट होती आणि चणीने बारीक असलेला हा मुलगा त्यांना लहान दिसला. जवळ वयाचा दाखला असूनही उपयोग झाला नाही. आल्या वाटेने परतावे लागले. कर्वे पुढे मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन 1884 मध्ये बी.ए. झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले, ते सगळे या उशिरानंतरचे.

किनाऱ्यावर हायस्कुले उभी राहिली ती बहुतेक मुंबईच्या पैशावर. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याचा चाकरमानी गिरणीत, गोदीत, छापखान्यात, व्यापाऱ्याच्या पेढीवर लागला, त्यातले काही स्वतः व्यापारी झाले, आणि गावाकडे पाठवण्याच्या मनीऑर्डरीबरोबर शाळेची वर्गणीही जाऊ लागली. मालवणच्या अनंत शिवाजी देसाई टोपीवाला हायस्कूलच्या नावातच हा इतिहास आहे. देसाई टोपीवाले हे मुंबईत टोप्यांच्या धंद्यात वर आलेले घराणे. मुंबईत नायर रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयालाही टोपीवाला हेच नाव आहे. मालवणातलेच भंडारी हायस्कूल घ्या. माडाची शेती आणि माडी काढण्याचा धंदा करणाऱ्या, मुंबईत मोठ्या संख्येने स्थायिक झालेल्या भंडारी समाजाने उभ्या केलेल्या संस्थेची ती शाळा. सावंतवाडी आणि वेंगुर्ल्यातही हायस्कुले झाली. ‘झील मॅट्रिक झालो’ हे वाक्य गावात बातमीसारखे फिरू लागले, आणि त्याच्या मागोमाग ठरलेले दुसरे वाक्य येई, ‘आता मुंबयक जातलो’.

कारण पुढचे कॉलेज जवळ नव्हते. रत्नागिरीत गोगटे कॉलेज आले ते 1945 मध्ये. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ मालवणच्या मॅट्रिक पासाला मुंबई, कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागे. बहुतेक जण मुंबईला गेले ते कॉलेजसाठी नव्हे, नोकरीसाठी. मॅट्रिकचे सर्टिफिकेट विद्यापीठात शिरण्याचा परवाना म्हणून तयार झाले होते. किनाऱ्याने ते कचेरीत शिरण्यासाठी वापरले.

आता गोहीन यांच्या वाटेकडे. रॉबर्ट वेंगुर्ल्याहून तमिळनाडूच्या डोंगरातल्या कोडाईकॅनालच्या निवासी शाळेत गेले. अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी ती 1901 मध्ये काढली होती. पंधरा वर्षांचे झाल्यावर ते न्यू जर्सीतल्या लॉरेन्सव्हिल या खासगी हायस्कुलात दाखल झाले आणि शेवटची दोन वर्षे तिथे शिकले. मग जवळच असलेल्या प्रिन्स्टनला. 1940 मध्ये पदवी. लगेच युद्ध आले. सैन्यात ते लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढले. परतल्यावर 1947 मध्ये एम.ए. आणि 1948 मध्ये पीएच.डी., विषय प्राचीन ग्रीक-रोमन वाङ्मय. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’वरचे त्यांचे पुस्तक 1951 चे.

या प्रवासात हायस्कूल संपल्याचा दाखला मिळवायला त्यांना मॅट्रिकसारखी विद्यापीठाची परीक्षा द्यावी लागली नाही. अमेरिकेत हायस्कूलचा डिप्लोमा हायस्कूलच देते. कोणतेही विद्यापीठ शाळेत येऊन पेपर काढत नाही. हे आपोआप झालेले नाही.

बॉस्टनमध्ये 1821 साली पहिले सार्वजनिक हायस्कूल निघाले, तेव्हा ते कॉलेजात न जाणाऱ्या मुलांसाठी होते: व्यापार आणि कारागिरीकडे जाणाऱ्यांसाठी. कॉलेजात जाणारी मुले लॅटिन शाळांत शिकत. हायस्कूल लोकांच्या करातून चालवावे का, यावर खटले झाले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1874 मध्ये कॅलमझू गावच्या खटल्यात निकाल दिला, की गावाला हायस्कूलसाठी कर बसवता येतो. त्याच मिशिगनमधल्या विद्यापीठाने 1871 मध्ये एक नवी पद्धत सुरू केली. प्राध्यापक राज्यातली हायस्कुले पाहायला जात, आणि जी शाळा पसंत पडे तिच्या पदविकाधारकांना परीक्षा न घेता प्रवेश मिळे. मुंबईचे विद्यापीठ मुलाला तपासत होते, मिशिगनचे विद्यापीठ शाळेला.

पण वेगवेगळ्या शाळांतून येणाऱ्या मुलांचे शिक्षण मोजायचे कसे? हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती बसली आणि 1893 मध्ये तिने सांगितले, की हायस्कुलात प्रत्येक विषय सर्वांना सारखाच शिकवावा, मूल कॉलेजात जाणार असो वा नसो. खरे उत्तर मात्र एका निवृत्तिवेतन योजनेतून आले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 मध्ये प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. कोणत्या कॉलेजच्या प्राध्यापकांना ते द्यायचे, हे ठरवताना कार्नेगी फाउंडेशनने अट घातली: प्रवेश देताना हायस्कूलचे किमान चौदा ‘युनिट’ मागणारे कॉलेजच खरे कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचे सुमारे 120 तासांचे अध्यापन, वर्षभर जवळजवळ रोज एक तास. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी अट मान्य केली, कॉलेज मिळावे म्हणून हायस्कुलांनी वेळापत्रक बदलले. त्यातून ‘क्रेडिट’ ही कल्पना देशभर पसरली. तास भरले, विषय उतरला, क्रेडिट खात्यात जमा.

यामुळे अमेरिकन हायस्कूलचे स्वरूपच बदलले. नववी ते बारावी अशी चार वर्षे: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर. वर्षावर्षाला विषयांचे क्रेडिट जमत जातात आणि प्रत्येक विषयाची श्रेणी मिळून चारपैकी सरासरी निघते. शेवटच्या एका परीक्षेत चार वर्षे पणाला लागत नाहीत. 1910 च्या सुमारास दर दहा तरुणांमागे एखादाच हायस्कूलचा पदविकाधारक होता. 1940 पर्यंत निम्मे तरुण ती पातळी गाठू लागले. प्रवेशासाठी परीक्षाही आली, पण ती अनेक कागदांपैकी एक म्हणून. 1900 मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज बोर्डाने 1926 मध्ये एस.ए.टी. सुरू केली. आजही कॉलेजे त्या गुणांसोबत हायस्कूलची सरासरी, शिक्षकांची शिफारसपत्रे, निबंध आणि मुलाचे इतर उद्योग पाहतात, आणि बरीच कॉलेजे एस.ए.टी. ऐच्छिक ठेवतात.

कॉलेजातही तेच हिशोबी तत्त्व. चार वर्षांत सुमारे 120 क्रेडिट. पहिली दोन वर्षे मुलगा अनेक विषय चाखतो, साधारण दुसऱ्या वर्षाअखेर ‘मेजर’ म्हणजे मुख्य विषय ठरवतो. ज्याला खर्च परवडत नाही तो गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून जमलेले क्रेडिट घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो. पहिले असे दोन वर्षांचे कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटला 1901 मध्ये निघाले. पदवीनंतर मास्टर्सची एक-दोन वर्षे, त्यापुढे पीएच.डी. 1862 च्या जुलैमध्ये लिंकन यांनी सही केलेल्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत शेती आणि यंत्रविद्येची विद्यापीठे काढायला जमीन दिली, हा या इमारतीचा आणखी एक पाया. रानडे-भांडारकर बी.ए. झाले तेच हे साल.

या अमेरिकन पद्धतीत मराठी मुले शिरली, तेव्हा दोन्हींतला फरक ठळक दिसला. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलातून 1907 मध्ये मॅट्रिक, 1912 मध्ये बी.ए., सगळे विद्यापीठाच्या ठरावीक पेपरांतून. मग सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तिथल्या त्यांच्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानवशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एकेक. मुंबईत इतके विषय एकत्र घेता येतील अशी सोयच नव्हती. 1915 मध्ये ते एम.ए. झाले.

त्याहून वेगळे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचे, कारण त्यांनी अमेरिकन हायस्कूलही पाहिले. वडील धर्मानंद गोव्यातल्या सांखवाळचे. घर सोडून संस्कृतच्या शोधात पुण्याला गेले, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो मालवणच्या या डॉ. भांडारकरांचाच. पुढे श्रीलंका, ब्रह्मदेश करत ते पालीचे पंडित झाले आणि हार्वर्डच्या प्राध्यापकांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावले. 1918 च्या फेरीत अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होता. तो केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये शिकला, 1924 मध्ये हार्वर्डला गेला, मध्ये काही काळ भारतात येऊन परत गेला. असा खंड मॅट्रिकच्या पद्धतीत सहज महागात पडला असता. तिथे तो खंड पडूनही 1929 मध्ये दामोदर सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणित, भाषा, इतिहास या सगळ्यांत एकाच वेळी बुडी मारण्याची सवय त्याला तिथे लागली असावी. परतल्यावर फर्ग्युसन कॉलेज आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित शिकवणाऱ्या-संशोधणाऱ्या या माणसाने भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली आणि जुनी नाणी तराजूत तोलून त्यांचा कालक्रम लावला.

एका बाबतीत मात्र मुंबईची पद्धत प्रिन्स्टनच्या फार पुढे होती. मुंबई विद्यापीठाने 1883 पासून स्त्रियांना पदवीपरीक्षेला बसू दिले. पुण्यातले मुलींचे हायस्कूल, हुजूरपागा, 1884 मध्ये निघाले. ते काढणाऱ्यांत रानडे, मोडक यांच्यासोबत भांडारकर होते. प्रिन्स्टनने मुलींना पदवीपूर्व वर्गात घेतले ते 1969 मध्ये, आणि तो निर्णय झाला गोहीन यांच्याच कारकिर्दीत. पुष्कळ माजी विद्यार्थी विरोधात होते. गोहीन स्वतः सुरुवातीला फार उत्सुक नव्हते, पण अभ्यासगटाने आकडे आणि युक्तिवाद मांडल्यावर त्यांनी बाजू बदलली आणि विश्वस्तांना राजी केले. 1977 ते 1980 मध्ये ते अमेरिकेचे राजदूत म्हणून पुन्हा भारतात आले. 2008 मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची मूळ कल्पना मोडली. मुंबई प्रांताने 1948 मध्ये कायदा करून परीक्षेचे काम विद्यापीठाकडून काढून वेगळ्या मंडळाकडे दिले आणि 1949 पासून एस.एस.सी. सुरू झाली. शिक्षण संपल्याचा दाखला आता विद्यापीठाचा राहिला नाही, पण शाळेचाही झाला नाही. मार्चमधली बोर्डाची परीक्षा तशीच राहिली आणि लोकांच्या तोंडी ‘मॅट्रिक’ हा शब्दही बरीच वर्षे राहिला. साठच्या दशकात किनाऱ्यावर कॉलेजे आली: सावंतवाडीला श्री पंचम खेमराज महाविद्यालय, वेंगुर्ल्याला कोल्हापूरचे इंग्रजीचे प्राध्यापक आणि पहिल्या लोकसभेतले खासदार बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे महाविद्यालय, आणि मालवणला झारापच्या स. का. पाटलांच्या नावाचे सिंधुदुर्ग महाविद्यालय. मुंबईचे तीन वेळा महापौर आणि केंद्रात मंत्री झालेल्या पाटलांच्या नावाचे हे कॉलेज आल्यावर मालवणच्या मुलीला पदवीसाठी घर सोडावेच लागत नाही, ही या किनाऱ्यावर नवी गोष्ट होती.

त्याच दशकात कोठारी आयोग बसला. 1964 ते 1966 या काळात त्याने दहा अधिक दोन अधिक तीन असा आराखडा मांडला. आयोगाच्या सदस्यांत रॉजर रेव्हेल हे अमेरिकन शास्त्रज्ञही होते. महाराष्ट्रात अकरावीची जुनी एस.एस.सी. जाऊन 1975 पासून दहावीची नवी एस.एस.सी. आली आणि पुढे बारावी. बाहेरून पाहता बारा वर्षांचे हायस्कूल झाले, अमेरिकेसारखेच. आतून ते निराळेच राहिले. अकरावी-बारावी ‘ज्युनिअर कॉलेज’ झाली, कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांत मुले दहावीनंतरच विभागली गेली, आणि एका परीक्षेऐवजी दोन मोठ्या परीक्षा झाल्या. शिवाय तीन वर्षांच्या पदवीमुळे एकूण शिक्षण पंधरा वर्षांचेच राहिले. अमेरिकेत पदवीनंतरच्या शिक्षणाला जाताना सोळा वर्षे मागणारी विद्यापीठे पुष्कळ, त्यामुळे आपल्याकडचे कित्येक पदवीधर आधी एम.ए. किंवा एम.एस्सी. करून मग तिकडे गेले.

1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी 2012 मध्ये स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ निघाले, आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिले येत आले आहे. 2024 च्या दहावीचा निकाल होता 99.01 टक्के. जी परीक्षा मुळात चाळण म्हणून तयार झाली, तिच्यात इथे आता जवळजवळ कोणी अडकत नाही.

आणि नेमक्या याच काळात अमेरिकन हिशोब या किनाऱ्यावर दाखल झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आले आणि त्याने पदवीला चौथे वर्ष जोडले. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत ते 2023-24 पासून, तर संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागू झाले. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली मालवण, वेंगुर्ले, कणकवलीची कॉलेजे दुसऱ्या गटात. आता तिथल्या वेळापत्रकात मेजर आणि मायनर हे शब्द आहेत. एका सत्रात साधारण बावीस क्रेडिट, पंधरा तासांच्या अध्यापनाला एक क्रेडिट. पहिल्या वर्षानंतर थांबले तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. जमलेले क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावाने राहतात आणि दुसऱ्या कॉलेजात नेता येतात. मत्स्यव्यवसायाच्या हंगामात बोटीवर जाणारा किंवा पर्यटनाच्या मोसमात स्कूबाच्या धंद्यात लागणारा मुलगा एक वर्ष थांबून परत आला, तर नियमाने तरी त्याचे आधीचे वर्ष वाया जात नाही.

प्रत्यक्षात अडचणी आहेत. मेजरसोबत वाटेल तो मायनर घेण्याची मुभा कागदावर मोकळी आहे, पण जिथे एका विभागात एक किंवा दोनच प्राध्यापक आहेत, तिथे तीच मुभा वेळापत्रकात बसवताना आखडते. इतिहासासोबत संगणकशास्त्र घ्यायचे, तर ते शिकवायला कोणी तरी असले पाहिजे. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात शेकडो अभ्यासक्रम एकाच आवारात असतात. तालुक्याच्या कॉलेजात तितके विषय मिळत नाहीत, मिळतात ते ठरावीक जोड्यांनी. क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात नेण्याची सोय वापरायची, तर सावंतवाडी-मालवण रोज एस.टी.ने करावे लागेल. परीक्षाही बव्हंशी विद्यापीठाच्याच नियमांनी होतात. अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा वाढला असला, तरी पेपरांचे गुण शेवटी मुंबईच्याच गणनेत मिळतात.

2024 मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी 2027 मध्ये तीन वर्षे पूर्ण करेल आणि तिच्यातल्या ज्यांना ऑनर्स हवे आहे ते 2028 मध्ये चौथे वर्ष संपवतील. चौथे वर्ष चालवायला संशोधनासाठी मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा लागतात, त्यामुळे ते जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांत सगळ्या विषयांना असणार नाही. काही मुले त्यासाठी पणजी किंवा कोल्हापूर गाठतील, काही मुंबईला जातील. सोळा वर्षांचे शिक्षण मालवणात पूर्ण करून थेट अमेरिकेच्या मास्टर्सला अर्ज करणारा विद्यार्थी मिळेल, तर तो याच पहिल्या तुकडीतला असेल.